आधी कोणाला विचारायचं

खराडी, सातवा मजला.
रात्रीचे दोन वाजून दहा.
काम चारच्या आत उरकायचं.
मशीनच्या चहावर साय धरलेली.
कुलथे विचारते, "मॅडम, नवा नोड बाकीच्यांना ओळखणार कसा?"
नवीकोरी पोरगी. प्रश्न बरोबर विचारते.

मी फाइल उघडते,
एक जागा इकडची तिकडे झाली तरी रुसून बसणारी.
तिच्यात एक ओळ: सीड्स.
बी म्हणावं, तर यातून काही उगवत नाही.
विरजण म्हणावं, तर तेही नाही.
विरजण दुधाला बदलून टाकतं,
हे नुसते पत्ते सांगतात.

तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आठव.
कोण आलं, कोण गेलं,
बी चारशे दोनचं कुलूप किती दिवसांचं, त्याला ठाऊक.
नवा भाडेकरू आधी त्याच्यापुढे उभा राहतो.
एकदा ओळखी झाल्या की त्याच्यावाचून अडत नाही.
मग दर सेकंदाला कोणीतरी कोणाच्या तरी कानाशी:
अकरा जिवंत आहे,
चौदानं अजून ओ दिलेली नाही,
सोळा उठला पुन्हा.
पुस्तकात याला गॉसिप म्हणतात.
आमच्या उदगीरला नळावर जाणं म्हणायचे.

"मग सगळ्यांनाच सीड करू की!"
नको गं.
सगळेच कोपऱ्यावर उभे राहिले तर घरात कोण?
तीन पुरेत. तीन वेगळ्या रॅकमधले.
आणि यादी सगळीकडे तीच, शब्दशः तीच.
मागे एका शनिवारी दोन याद्या निघाल्या
आणि एकाच नावाची दोन गावं वसली.
दोन्हीकडे दिवे हिरवे,
दोन्हीकडे अर्धी गिऱ्हाइकं.
सोमवारी भुतडा साहेबांना ते मी सांगितलं. उभ्यानं.

माझी यादी एसटीच्या तिकिटामागे होती.
अण्णांच्या अक्षरात तीन नंबर,
तिसरा घामानं फुटलेला.
पहाटे हडपसरला गाडीतळावर उतरले,
बूथ उघडेपर्यंत पिशवीवर बसून राहिले.
पहिला नुसता वाजत राहिला.
दुसरा: "राँग नंबर. पुन्हा लावू नका."
तिसऱ्याचा शेवटचा आकडा एक की सात?
एक धरला.
मुनीरभाई, ससाणेनगरचे शिंपी.
"तिथंच थांब. बूथ सोडू नको."
त्यांनी खोली दिली नाही, नोकरी तर नाहीच.
चार नावं सांगितली फक्त:
मेस, हॉस्टेल, रॉकेल, झेरॉक्स.
त्या चौघांनी पुढची चाळीस.

"मॅडम, आला! लगेच आला वर!
पण... रिकामा आहे."

बघते तर यादीत पहिला पत्ता त्याचा स्वतःचाच.
आरशाला विचारलं त्यानं, मी इथला का?
आरसा म्हणाला, जन्मापासूनचा.
मग कोण कशाला मागेल कोणाकडे काही?
रांगेत उभा, हातात चिठ्ठी नाही,
आणि लोक त्यालाच हिशेब विचारणार.

थांबव. आधी रिंगमधून रीतसर निरोप दे त्याला.
डिरेक्टरी पूस. स्वतःचं नाव काढ.
आता सुरू कर.

या खेपेला वेळ लागतो.
जॉइनिंग, जॉइनिंग, जॉइनिंग.
शेजारी आपापल्या कोठारातून माप घालतायत,
पडद्यावर टक्के मुंगीच्या पावलानं.
कुलथे नखं खाते. मी खाऊ देते.

सव्वातीनला दुसरं काम.
अकराला यादीतून काढायचंय.
"अकरा कधीपासून आहे?"
माझ्याही आधीपासून.
त्याच्या जागी एकोणीस लिहिते,
सगळ्या फाइलींत, एकेक करून, तपासून.
कोणाचं काही अडलं नाही.
अडू नये म्हणूनच तर ही सगळी मांडणी.

तरी सेव्ह करताना हात जरा रेंगाळला.
मुनीरभाईंचा नंबर फोनमध्ये आहे अजून.
फेब्रुवारीपासून कोणी उचलत नाही.
शेवटी एक. सात नव्हे.